मोहाखालची चौकट

टप.

मी नोंदवहीत एक उभी रेघ ओढली आणि मोठ्याने म्हणाले, "सोळा."

"सतरा," समोरून आवाज आला. "एक तुह्या वेनीत पडलं."

मी वेणी पुढे घेतली. खरंच होतं. द्राक्षाएवढं, फिकट पिवळं, रसरशीत आणि मधोमध आरपार भोक असलेलं मोहाचं फूल. मी ते तळहातावर घेऊन विचारात पडले.

"पण आजी, मी तर चौकटीच्या बाहेर बसलेय. हे धरायचं की नाही?"

"डोस्कं कुठी होतं तुहं?"

मी पाहिलं. मी बाहेर बसून आत वाकले होते. "डोकं आत होतं."

"मंग धर," बायनाआजी म्हणाली आणि तंबाखू मळू लागली.

मी सतरावी रेघ ओढली.

ही बावीस वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, मग बी.एड., आणि सांगलीहून दीड दिवसाचा प्रवास करून गोंदिया जिल्ह्यातल्या पळसटोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले. पाचवी ते सातवी. आल्यापासून वडिलांची पत्रं यायची ती एकाच विषयावर. सांगलीतल्या एका शाळेत जागा रिकामी होणार होती. दहा एप्रिलपर्यंत अर्ज पोस्टात पडायला हवा होता. अर्ज मी लिहूनही ठेवला होता, सही करायची तेवढी बाकी होती. तो माझ्या नोंदवहीच्या शेवटच्या पानात घडी घालून पडला होता आणि त्याच वहीच्या पहिल्या पानांवर मी फुलं मोजत होते.

मोहाचं मला आल्या दिवसापासून कुतूहल होतं. पुस्तकात वाचलेलं की फुलं पहाटे गळतात. पहाटे म्हणजे किती वाजता? एका चौरस मीटरमध्ये किती? ढग असले तर? हे कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नव्हतं. त्यामुळे मोजायचं मी ठरवलं होतं. पण गावाजवळच्या प्रत्येक मोहाखाली कुणी ना कुणी असायचंच. शेवटी शाळेमागच्या नाल्यापलीकडे एक थोरला मोह दिसला. होळी होऊन चार दिवस झाले होते, तरी त्याच्याखाली घोट्याएवढा पाला तसाच पडला होता. माणूस फिरकल्याची खूण नव्हती.

पाल्यात फुलं मोजता येत नाहीत. म्हणून रविवारी शाळेतला खराटा घेऊन मी झाड जिथवर सावली टाकतं तिथवरची सगळी जमीन झाडून काढली. चार तास लागले. सातवीच्या मुली मदतीला आल्या होत्या, पण त्यांनी खराट्याला हात लावला नाही. सुनंदा टेकाम त्यांच्यात सगळ्यांत चुणचुणीत. ती म्हणाली, "मॅडम, तुमीच झाडा. आमी पोत्यात भरतो."

"का गं, कंबर दुखते?"

"तसं नाही." ती इतर मुलींकडे बघून हसली. "तुमी खरंच झाडता नं? पूरं?"

"पूर्ण! एक पानसुद्धा ठेवणार नाही."

मला वाटलं, शहरातल्या बाईला झाडायला येतं का याची त्यांना शंका आहे. मी आणखी जोर लावला. अकरा पोती पाला निघाला, तो मुलींनी शाळेच्या खतखड्ड्यात नेऊन टाकला. मग मी चार काटक्या रोवल्या आणि पांढरी दोरी बांधून एक मीटर बाय एक मीटरची चौकट आखली.

तिसऱ्या दिवशी फुलं गळायला लागली. सकाळची शाळा नुकतीच सुरू झाली होती, सात ते साडेअकरा. मी साडेपाचला झाडाखाली येऊन बसायची. तेव्हा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा असायचा. पान एकही नाही, नुसत्या फांद्या आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके. वारा नसतानाही फुलं सुटायची. एक इथे, एक तिथे, मग दोन एकदम. सगळीकडे उकडलेल्या गोड तांदळासारखा वास. कधीकधी मोजता मोजता मला वाटायचं की फुलं वरून पडत नाहीयेत, जमीनच त्यांना एकेक करून बोलावते आहे. असली वाक्यं मी नोंदवहीत लिहीत नसे. तिथे फक्त वेळ, आकडा, ढग, वारा.

पहिल्याच सकाळी बायनाआजी आली. साठी ओलांडलेली, काटकुळी, अंगावर जुनी शाल. तोंडावर नुकत्याच सरलेल्या तापाचा फिकटपणा होता. ती झाडाच्या कडेला थांबली. झाडलेली जमीन बुंध्यापासून टोकापर्यंत पाहिली, मग मला पाहिलं, मग दोरीची चौकट.

"हे काय वो मास्तरीन?"

मी समजावून सांगितलं. ती समोरच्या खडकावर बसली, बरोबर आणलेली बांबूची टोपली शेजारी पालथी ठेवली आणि म्हणाली, "मोज. पाहू दे मले."

त्यानंतर ती रोज यायची. मला मनापासून बरं वाटायचं. परक्या गावात माझ्या वेडेपणाला सोबत मिळाली होती. शिवाय तिला त्या झाडाबद्दल इतकं माहीत होतं की मी थक्क व्हायची.

"उगवतीकडची फांदी उशिरा सोडते," ती सांगायची. "तिच्यावर पहाडीची सावली रायते. आठ वाजल्याबिगर ती हात उघडत नाई."

रविवारी शाळा नव्हती, तेव्हा मी तपासलं. सात वाजून पन्नास मिनिटांनी उगवतीकडे पहिलं फूल पडलं.

"आभाळ आलं का कमी. आन् आदल्या दिवशी लई तापलं का दुसऱ्या दिवशी गोड."

तिची अशी सात विधानं मी क्रमांक घालून लिहून घेतली. आठवडाभरात सहा खरी ठरली. सातवं अस्वलाबद्दल होतं, ते तपासायची माझी तयारी नव्हती.

"तुम्हाला या झाडाचं एवढं कसं माहीत, आजी?"

"पाह्यत आली नं मी."

मी लिहिलं: निरीक्षण, दीर्घकाळ.

वर्गात खिडकीखाली मी एक फळी लावली होती. रोज येताना जे सापडेल ते तिथे ठेवायचं, नाव माहीत नसेल तरी चालेल, पण कुठे आणि कधी सापडलं ते चिठ्ठीवर लिहायचं. उन्हाळा लागला तशी फळी भरत गेली. झाडाच्या सालीला चिकटलेली किड्याची कात, पाय आणि डोळ्यांसकट पूर्ण, पण आत कुणी नाही. सावरीचा कापूस. चारोळीची हिरवी फळं. घुबडाने ओकलेला राखाडी गोळा, तो मोडला तर आत उंदराचा अख्खा जबडा निघाला आणि पाचवीचा वर्ग आनंदाने किंचाळला. हेडमास्तर रहांगडाले सर धावत आले.

"काय झालं? साप?"

"नाही सर, दात!"

सर फळीकडे, मग माझ्याकडे पाहत म्हणाले, "केसकर मॅडम, तुम्ही येण्याआधी या वर्गात नुसती शांतता असायची." हे कौतुक होतं की तक्रार ते कळलं नाही. जाताना ते दारात थांबले. "ते अर्जाचं काही ठरलं का? नाही, म्हणजे मला वर कळवावं लागेल."

"ठरवते सर. अजून वेळ आहे."

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी अर्जाचा विचार सकाळी करूच शकत नव्हते. दुपारी, छपराचे पत्रे तापले की सांगली आठवायची. सकाळी मात्र नाही.

एकूण झाडाचा अंदाज यावा म्हणून चौकट मोजून झाली की मी खालची सगळीच फुलं वेचायची, शाळेच्या खिचडीच्या तराजूवर वजन करायची आणि व्हरांड्यात वाळत घालायची. वाळली की ती मनुकांसारखी तांबूस व्हायची. ढीग वाढू लागला. मी मुलींना म्हटलं, "न्या गं घरी ओंजळ ओंजळ."

कुणी पुढे येईना.

"तुमच्या झाडाची आहेत मॅडम," सुनंदा म्हणाली. "आमी कशी नेऊ?"

तुमच्या झाडाची! मला इतका आनंद झाला की त्या दिवशी आईला लिहिलेल्या पत्रात मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. इथली मुलं त्याला माझं झाड म्हणतात.

आजीलाही मी म्हटलं, "तुम्ही तरी न्या थोडी. टोपली रोज रिकामी नेता."

"तुही हायेत ते. मी काहून नेऊ?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "हसली का बरी दिसतेस तू मास्तरीन. तिकडं घरी कोन कोन हाय?"

मी सांगत बसले. तिने सगळं ऐकून घेतलं. पालथ्या टोपलीवर तिचा हात होता.

नऊ एप्रिलला, अकरा दिवसांचे आकडे जमल्यावर, मी सातवीच्या फळ्यावर आलेख काढला. आडव्या रेघेवर दिवस, उभ्या रेघेवर फुलं. पाचव्या दिवशी ढग आले होते, तिथे रेषा खड्ड्यात उतरल्यासारखी खाली आली होती. मुली त्या खड्ड्याकडे पाहतच राहिल्या. मला वाटलं, हाच तो क्षण, याच्यासाठी माणूस शिक्षक होतो.

"आता सांगा," मी म्हटलं, "चांगला शास्त्रज्ञ स्वतःला विचारतो, माझं काय मोजायचं राहिलं? आपलं काय राहिलं?"

"मागच्या वर्षीचं," सुनंदा म्हणाली.

"शाबास! पण ते कुठून आणायचं?"

"बायनाआजीले विचारा. तिले पाठ हाय. किती टोपल्या निघाल्या, कोन्या सालाले कमी पडलं, सारं सांगते ते."

"तिच्या झाडाचे आकडे वेगळे असतील गं. ती कुठल्या झाडाखाली वेचते?"

कुणीतरी वहीत पेन्सिल ओढत होतं, ते थांबलं.

"आता कोन्याच नाही," सुनंदा म्हणाली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

मी खडू खाली ठेवला. "म्हणजे?"

"आजीनं सांगू नका म्हटलं होतं."

"सुनंदा."

तिने सांगितलं. त्या गावात मोहाच्या झाडावर नाव नसतं, कागद नसतो. होळीनंतर जो झाडाखालचा पाला झाडतो, त्याची त्या साली फुलं. दुसऱ्याने झाडलेल्या झाडाखाली कुणी वाकत नाही. झड, म्हणजे फुलांचं गळणं, संपेपर्यंत ज्याने झाडलं त्यानेच वेचलं, तर पुढच्या सालापासून झाड त्याचंच. नाल्यापलीकडचा मोह बायनाआजीच्या सासूचा, मग तिचा. दुसरं झाड तिला नव्हतं. होळीला तिला ताप आला. आठ दिवस उठता आलं नाही. उठली तेव्हा जमीन स्वच्छ होती.

"तुमी तं एक पानबी ठेवलं नाही मॅडम," मागून एक बारीक आवाज आला.

मी फळ्याकडे पाहिलं. प्रत्येक ठिपका बरोबर होता. अकरा सकाळी ती बाई रिकामी टोपली घेऊन माझ्यासमोर बसली होती आणि मी वारा, ढग, वेळ, सगळं लिहिलं होतं.

शाळा सुटल्यावर मी रहांगडाले सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. "सर, तुम्हाला माहीत होतं?"

सरांनी चष्मा काढला. "चौथ्या दिवशी कळलं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"मी निघालोच होतो सांगायला. पण बायनाबाईनं पारावर सगळ्यांना बजावलं होतं. विज्ञानाचे आधीचे दोन मास्तर दिवाळीचे गेले ते परत आलेच नाहीत. ती म्हणाली, ही मास्तरीण झाडाखाली बसून हसते. जी हसते ती टिकते. हिला कळलं तर शरमेनं जाईल. पोरांचं नुकसान करू नका." ते चष्मा पुसत राहिले. "गावानं ऐकलं. मीही ऐकलं. मला विज्ञानाचा मास्तर हवा होता, मॅडम."

मी भर उन्हात बायनाआजीच्या घरी गेले. ती दारातल्या कडुनिंबाखाली टोपलीची सुटलेली कामटी बसवत होती. माझा चेहरा पाहूनच तिला समजलं.

"कोन बोललं? सुनंदा नं? तिच्या पोटात पानी नाई टिकत."

"आजी, झाड तुमचं आहे. मी परत देते."

"देल्लं आन् घेतलं, असं होत नाई वो. झाड का बैल हाय, दोर हातात देल्ला का झालं?"

"मग वाळलेली फुलं तरी घ्या."

"झाडलं त्याचं." ती शांतपणे कामटी ओढत म्हणाली. "मी मागून नाई खाल्लं कधी. आता का खाऊ?"

"मग मी काय करू?"

"काई नको करू. मोज. पोरायले शिकव." मग खाली मान घालून, "कागद धाडला का तू घरी? जायाचा?"

अर्जाचं तिलाही माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत असणार. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. नियम म्हटला की तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे तपासायची मला सवय होती.

"आजी, समजा अजून कुणी झाडलंच नसतं. आणि तुम्ही आज झाडलं असतं. तर चाललं असतं?"

"झड संपेपर्यंत कवाबी चालते. पाला असला का झाडता येते."

"पाला असला की."

"हाव. पन पाला कुठी हाय आता?" तिने मान वर केली.

"शाळेत," मी म्हणाले.

आजीचा हात कामटीवर थांबला. मग ती परत कामाला लागली, पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला होता.

चार वाजता सातवीचा वर्ग खतखड्ड्याभोवती जमला. वरचा पाला कोरडा होता, खालचा काळा पडून ओलसर झाला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. मुली नाक दाबून पोती भरत होत्या आणि हसत होत्या. रहांगडाले सर व्हरांड्यातून ओरडले, "अहो मॅडम, खत करायला नेलेलं परत कुठे नेताय?"

"सर, प्रयोगात चूक झाली. पहिल्यापासून करायचाय."

सर व्हरांड्यातून खाली उतरले. मग त्यांनी धोतर खोचलं आणि एक पोतं स्वतः उचललं.

अकराच्या अकरा पोती भरली नाहीत, नऊच झाली. दोन पोत्यांचं खत होऊन गेलं होतं. उरलेला पाला आम्ही बुंध्यापासून टोकापर्यंत पसरला. मी चार तास घालवून स्वच्छ केलेली जमीन अर्ध्या तासात दिसेनाशी झाली. चौकटही पाल्याखाली गेली, फक्त काटक्यांची टोकं वर राहिली. मी त्या उपटायला वाकले तर सुनंदा म्हणाली, "राहू द्या मॅडम. आजी काढल."

मग ती व्हरांड्यातल्या वाळलेल्या फुलांच्या ढिगाकडे बोट दाखवून माझ्या कानाशी कुजबुजली. मी तिला शास्त्रज्ञ होशील असं म्हटल्याचं आठवतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघींनी ती फुलंही नेऊन पाल्याखाली पसरली आणि नाल्याच्या काठाला जाऊन बसलो. दहा एप्रिल होता तो.

बायनाआजी उजेडाबरोबर आली. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात खराटा. झाडाच्या कडेला थांबून तिने सगळं पाहिलं. मग मोठ्या आवाजात, झाडाला विचारल्यासारखं म्हणाली, "एवढा पाला कुठून आला वो?"

"वारा आला होता," मी नाल्याकाठून म्हणाले.

"हाव. मोठा वारा असन. शेनखताचा वास हाय त्याले."

सुनंदाने ओढणी तोंडात कोंबली.

आजी झाडू लागली. मी झाडलं होतं तसं नाही, जोर लावून नाही. बुंध्याकडे तोंड करून, मागे मागे सरकत, प्रत्येक फटकाऱ्याला एक पाऊल, घाई न करता. पाल्याखालून वाळलेली फुलं निघाली तेव्हा ती थबकली. चार उचलून तिने वास घेतला.

"अवंदा मोह झाडावरच वाळला वाटते," ती म्हणाली, आणि ती फुलं तिने टोपलीत टाकली.

झाडत झाडत ती चौकटीपाशी आली. मी उठून पुढे झाले, दोरी सोडायला. तिने खराटा आडवा धरून मला थांबवलं. मग वाकून हाताने चौकटीतलं एकेक पान उचललं, काटकीला धक्का न लावता, आणि दोरी होती तशी ताणून ठेवली.

"एवढी तुही," ती म्हणाली. "बस. गळाले लागली."

मी बसले. या वेळी नीट, डोकंसुद्धा बाहेर ठेवून. आजी तिच्या खडकावर बसली नाही. ती वेचत होती. तिची टोपली माझ्या दोरीपासून वीतभर अंतरावर सुलटी ठेवलेली होती. मी नोंदवही उघडली. कोऱ्या पानासाठी चाळताना शेवटच्या पानातला अर्ज घडीसकट खाली पडला. मी तो उलटा करून मांडीवर घेतला, पाठीमागची बाजू कोरीच होती, आणि त्यावर दिवसाची तारीख घातली.

टप.

"एक," मी म्हणाले.

टप.

"हे टोपलीत पडलं वो मास्तरीन," आजी म्हणाली. "धरतेस का नाई?"

मी दोरीकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं.

"टोपली बाहेर आहे, आजी. ते तुमचं."